पेशीविना रक्त

तापीच्या उत्तर तीरावर, सातपुड्याच्या पायथ्याला लागून, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना जळगाव जिल्ह्याचे रावेर, यावल आणि चोपडा हे तालुके ओळीने लागतात आणि त्यांच्यापुढे धुळे जिल्ह्याचा शिरपूर तालुका येतो. खाली केळी आणि कापसाची काळी जमीन, वर डोंगरउतारावर पावरा, भिल्ल, तडवी आदी समाजांचे पाडे, अशी या पट्ट्याची रचना आहे. रक्ताचा विचार करताना हा पट्टा दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. येथील आदिवासी कुटुंबांत, तसेच धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील साक्री तालुक्यात आणि १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारमध्ये, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आणि ज्या रुग्णाला तातडीने रक्त हवे असते त्याच्या पाड्यापासून रक्त साठवणारे शीतकपाट बहुधा दूर असते. कृत्रिम रक्त बनवण्याचा जो प्रयत्न जगात गेली पाऊणशे वर्षे चालू आहे, तो समजून घेण्यासाठी सिकलसेलइतकी चांगली वाट दुसरी नाही, कारण या आजारात जे बिघडते तेच कृत्रिम रक्त बनवणाऱ्यांना अजून पुरते साधलेले नाही.

रक्त शरीरात अनेक कामे करते. ते जखमेवर गोठते, जंतूंशी लढते, अन्नरस आणि संप्रेरके वाहून नेते, शरीराची उष्णता सर्वत्र सारखी ठेवते. कृत्रिम रक्त या नावाने जे द्रव ओळखले जातात ते यांपैकी एकच काम करू पाहतात : फुप्फुसात आलेला प्राणवायू ऊतींपर्यंत, म्हणजे एकसारख्या पेशींच्या ज्या समूहांनी स्नायू, मेंदू, यकृत असे अवयव बनतात त्यांच्यापर्यंत, पोहोचवणे. म्हणून त्यांना प्राणवायुवाहक म्हणणेच अधिक रास्त ठरेल. कृत्रिम रक्त हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात नको तितकी मोठी आशा निर्माण करते.

हे एक काम किती अवघड आहे ते आकड्यांवरून कळते. प्राणवायू पाण्यात फारसा विरघळत नाही. रक्तातील पेशी बाजूला काढल्या तर जो पिवळसर द्रव उरतो, त्या रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.३ मिलिलिटर एवढाच प्राणवायू विरघळतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला मात्र मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. तेवढा नुसत्या रक्तद्रवाने पुरवायचा म्हटले तर हृदयाला मिनिटाला ८० लिटरहून अधिक द्रव ढकलावा लागेल, आणि ते प्रत्यक्षात ढकलते सुमारे ५ लिटर. ही तफावत हिमोग्लोबिन भरून काढते. लोह बाळगणाऱ्या या प्रथिनाचा एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरतो, आणि निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असल्याने तेवढ्याच रक्तात ०.३ ऐवजी २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. पाच लिटर रक्ताबरोबर मिनिटाला सुमारे एक लिटर प्राणवायू ऊतींकडे जातो. त्यातला चौथा हिस्सा खर्च होतो आणि उरलेला तसाच परत येतो.

हा परत येणारा तीन चतुर्थांश भाग म्हणजे शरीराची शिल्लक होय. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमवर आले आहे ती कापूस वेचते, पाणी भरते, घर सांभाळते, याचे कारण तिचे शरीर ही शिल्लक मुकाट्याने वापरत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा स्त्रीला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर वापरायला शिल्लकच उरलेली नसते आणि दुसऱ्या स्त्रीने सोसला असता तेवढा रक्तस्राव तिच्या जिवावर बेततो. रक्ताच्या पर्यायाची गरज सर्वांत आधी येथे आहे, हे महानगरांतल्या मोठ्या शस्त्रक्रियागृहांकडे पाहून चटकन लक्षात येत नाही.

हिमोग्लोबिनने प्राणवायू नुसता पकडून भागत नाही, तो योग्य जागी सोडावाही लागतो. माल उचलणारा पण उतरवू न शकणारा हमाल जसा उपयोगाचा नाही, तसेच हेही आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू बसलेला असतो. पहिला प्राणवायू चिकटला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि पुढचे अधिक सहज चिकटतात. श्रम करणाऱ्या स्नायूंत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढलेली असते आणि तेथे ही पकड सैल होते, हे डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवले. तांबड्या पेशीत आणखी एक लहानसा पदार्थ असतो, त्याचे लघुनाव डीपीजी. तो हिमोग्लोबिनच्या पोकळीत जाऊन बसतो आणि पकड हवी तेवढी ढिली ठेवतो. पेशीतून बाहेर काढलेल्या हिमोग्लोबिनला हा सोबती मिळत नाही, त्यामुळे ते प्राणवायू घट्ट धरून बसते.

येथे लक्ष हिमोग्लोबिनवरून ते ज्या वेष्टनात राहते त्या तांबड्या पेशीकडे वळवावे लागते. ही पेशी सात ते आठ मायक्रॉन रुंदीची, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाएवढी, दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली चकती असते. परिपक्व होताना तिने आपले केंद्रक टाकून दिलेले असते, जेणेकरून सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणूंना जागा मिळावी. सर्वांत बारीक केशवाहिन्या तिच्याहून अरुंद असतात, तरीही ती दुमडून, लांबट होऊन, एकामागून एक अशा रांगेने त्यातून सरकते आणि सरकताना केशवाहिनीच्या भिंतीला जवळजवळ घासत जाते, त्यामुळे प्राणवायूला ऊतीपर्यंत जाण्यासाठी अगदी थोडे अंतर कापावे लागते. सुमारे १२० दिवस ती हे करत राहते. तिचे आवरण हिमोग्लोबिनला रक्तवाहिनीपासून दूर ठेवते, त्याला गंजू देत नाही, डीपीजी आत कोंडून ठेवते. हे आवरण नुसती पिशवी आहे असे दीर्घकाळ समजले गेले, आणि कृत्रिम रक्ताच्या इतिहासातील बहुतेक अपयशे या एका समजुतीतून आलेली आहेत.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहावे तेवढे वेगळे असते : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. हा फरक व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधला. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे सिद्ध केले होते. प्राणवायू धरलेला असताना हा बदललेला रेणू साधारणपणे ठीक वागतो. ऊतीला प्राणवायू देऊन झाला की मात्र असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ दोर बनतात आणि ते दोर पेशीला आतून ताणून विळ्यासारखा आकार देतात. विळ्यासारखी झालेली ताठ पेशी केशवाहिनीत दुमडत नाही. ती अडकते, मागच्या पेशी अडवते आणि पुढच्या ऊतीचा प्राणवायू तुटतो. हाडे-सांध्यांत असह्य कळा येतात, पानथरी हळूहळू निकामी होते, लहान मुलांतही पक्षाघात होऊ शकतो. अशा पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात, म्हणून रक्तक्षय कायमचा मागे लागतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे प्रत्येकाकडे दोषाची एकच प्रत असली आणि स्वतःला फारसा त्रास नसला, तरी त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

गावपातळीवर या आजाराची जी पहिली चाचणी होते ती पाहण्यासारखी आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका लहान नळीतल्या द्रावणात टाकतात. त्या द्रावणात पेशी फोडणारा एक पदार्थ आणि प्राणवायू हिरावून घेणारा दुसरा पदार्थ असतो. काही मिनिटे थांबून नळी काळ्या रेघा छापलेल्या कागदापुढे धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर हिमोग्लोबिन नेहमीचे आहे. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे, आणि तो माणूस वाहक की रुग्ण हे ठरवण्यासाठी पुढची तपासणी प्रयोगशाळेत करावी लागते. केशवाहिनीत जे घडते तेच त्या नळीत घडते : प्राणवायू काढून घेताच रेणू एकमेकांना चिकटतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे, आणि खानदेशातील आदिवासी तालुकेही त्या मोहिमेच्या कक्षेत येतात.

सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि ते हिमोग्लोबिन दोर बनण्यात अडथळा आणते. तरीही अनेकांना रक्त चढवावे लागते. वारंवार दुसऱ्याचे रक्त घेतल्याने काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशीला ओळखून तिच्यावर हल्ला करणारी प्रथिने, तयार होतात आणि मग जुळणारी पिशवी मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाते.

रक्तगट ही दान केलेल्या रक्ताची पहिली मर्यादा आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले, आणि त्या ज्ञानात एक मोलाची भर मुंबईत पडली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात असा एक रक्तगट नोंदवला की ज्याच्या पेशींवर ए आणि बी या खुणा तर नाहीतच, शिवाय त्या खुणांचा पाया असलेली, ओ गटाच्या पेशींवरही असणारी एच ही खूणही नाही. त्यामुळे सर्वांना चालते असे मानले जाणारे ओ गटाचे रक्तही अशा माणसाला घातक ठरते. जगभर तो बॉम्बे रक्तगट या नावाने ओळखला जातो, आणि भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाकडे सापडतो. याच १९५२ मध्ये हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल असल्याचे नोंदवले. ज्याच्या पृष्ठभागावर कोणतीच खूण नाही असा प्राणवायुवाहक मिळाला, तर दोन्ही शोधांतून समोर आलेल्या रुग्णांना त्याचा उपयोग होऊ शकेल.

दुसरी मर्यादा साठवणीची आहे. लोक आजही रक्ताची बाटली म्हणतात, पण ती कधीच प्लास्टिकची पिशवी झाली. ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्ताची. त्यातील तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात आणि कोणते परिरक्षक द्रावण वापरले आहे त्यानुसार ३५ किंवा ४२ दिवसांत वापराव्या लागतात. या काळातही पिशवीतले डीपीजी कमी कमी होत जाते आणि शरीरात गेल्यावर ते पूर्ववत व्हायला काही तास ते एखादा दिवस लागतो. म्हणजे रक्तपेढीतले रक्तही काही अंशी वाहकाचे काम विसरलेले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली आणि सारी भिस्त स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांवर राहिली, जे योग्यच झाले. जळगावात रेडक्रॉसचे आणि माधवराव गोळवलकर यांच्या नावाचे अशी स्वयंसेवी रक्तकेंद्रे आहेत, तर धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. ग्रामीण भागात रक्त पोहोचवण्यासाठी राज्य शासनाने २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर जी योजना सुरू केली तिच्यात ४० किलोमीटरच्या परिघात, तासाभरात, दुचाकीवरून शीतपेटी पाठवण्याची कल्पना होती. शिरपूर हे तालुक्याचे गावच धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. त्याच्यापुढे बिजासन घाटाकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याच्या दोहो बाजूंचे पाडे तर आणखी दूर. अपघातात किंवा बाळंतपणात रक्त वाहू लागले की पहिल्या तासात जे हाताशी असेल त्यावरच जीव अवलंबून असतो, आणि तेथे हाताशी असते ते सलाईन. सलाईनने रक्तवाहिन्या भरतात, रक्तदाब काही काळ सावरतो, पण ते प्राणवायू वाहून नेत नाही.

मग सलाईनमध्ये हिमोग्लोबिनच का मिसळू नये? हाच विचार अमेरिकेतील विल्यम अँबरसन यांनी केला आणि १९४९ मध्ये हिमोग्लोबिनचे द्रावण रुग्णांना दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. प्राणवायू पोहोचला, पण मूत्रपिंडांना इजा झाली. पेशीबाहेर पडलेला हिमोग्लोबिनचा चार साखळ्यांचा रेणू दोन-दोन साखळ्यांत तुटतो आणि ते लहान तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीत शिरून ती बिघडवतात. पुढच्या काळात रसायनशास्त्रज्ञांनी साखळ्या एकमेकींना बांधून टाकल्या, अनेक रेणू एकत्र जोडले, आणि मूत्रपिंडाचा प्रश्न बराचसा सोडवला. पण दुसरा प्रश्न अधिक खोल होता. रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडत असते आणि त्या वायूमुळे वाहिन्या सैल, मोकळ्या राहतात. या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोकळे हिमोग्लोबिन हा वायू झपाट्याने गिळते. वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, आणि ज्या ऊतीला प्राणवायू द्यायचा तिचीच वाट अरुंद होते. पेशीच्या आवरणामुळे हिमोग्लोबिन वाहिनीच्या अस्तरापासून अंतरावर राहते, म्हणून निरोगी रक्तात हे घडत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात मात्र रोज फुटणाऱ्या पेशींतून हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते आणि अगदी याच रीतीने नायट्रिक ऑक्साइड गिळते. प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रवाने जो अपाय केला तो सातपुड्यातल्या एखाद्या मुलाच्या शरीरात निसर्गतःच होत असतो.

त्या अपायाची किंमत रुग्णांनी मोजली. बॅक्स्टर कंपनीच्या हेमअसिस्ट या द्रवाची गंभीर जखमींवरील चाचणी १९९८ मध्ये थांबवावी लागली, कारण तो मिळालेल्या ५२ जणांपैकी २४ दगावले होते आणि सलाईन मिळालेल्या ४६ पैकी ८. नॉर्थफील्ड कंपनीच्या पॉलीहीमची चाचणी त्यानंतर अमेरिकेत रुग्णवाहिकांमधूनच झाली. बेशुद्ध जखमीची संमती घेणे शक्य नसल्याने ती घेतली गेली नाही, आणि शेवटी पॉलीहीम मिळालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे १३ टक्के, तर इतरांत १० टक्क्यांहून कमी आढळले. चार्ल्स नॅटनसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा पाच द्रवांच्या १६ चाचण्यांतील सुमारे ३,७०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अडीचपटीहून अधिक वाढलेला दिसला. आधीच्या चाचण्यांचे निष्कर्ष वेळेवर एकत्र पाहिले गेले असते तर पुढचे कित्येक रुग्ण या धोक्यात ढकलले गेले नसते, ही खंत वैद्यकाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हिमोग्लोबिनला वगळून पाहणारी एक शाखाही होती. फ्लोरीन आणि कार्बन यांच्या संयुगांत, म्हणजे परफ्लुरोकार्बन द्रवांत, प्राणवायू मोठ्या प्रमाणावर विरघळतो. लेलंड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी १९६६ मध्ये अशा द्रवात बुडवलेला उंदीर तो द्रवच श्वासावाटे घेऊन जिवंत राहतो असे दाखवले. जपानी बनावटीच्या फ्लुओसोल या द्रवाला अमेरिकेत १९८९ मध्ये हृदयाच्या धमन्या फुगवण्याच्या उपचारापुरती परवानगी मिळाली आणि १९९४ मध्ये तो बाजारातून गेला. या द्रवाचा लाभ व्हायचा तर रुग्णाला जवळजवळ शुद्ध प्राणवायू श्वासावाटे द्यावा लागतो, आणि ज्या ठिकाणी प्राणवायूचे सिलिंडरच मोजके असतात तेथे ही अट मोठी आहे.

गायीच्या रक्तातील हिमोग्लोबिनपासून बनवलेल्या हेमोप्युअरला दक्षिण आफ्रिकेने २००१ मध्ये शस्त्रक्रियेतील रक्तक्षयासाठी मान्यता दिली. त्याचा मोठा गुण असा की त्याला रक्तगट नाही आणि ते २ ते ३० अंश तापमानात तीन वर्षे टिकते. पण खानदेशच्या दृष्टीने हा आकडा नीट वाचायला हवा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या खोक्याला ३० अंशांची मर्यादा पाळता येत नाही. खोलीच्या तापमानाला टिकते, असे जे पाश्चात्त्य पत्रकांत लिहिलेले असते, त्यातली खोली ही तापीकाठची खोली नव्हे. शिवाय असा द्रव शरीरात सुमारे दिवसभरातच अर्धा संपतो, तर चढवलेल्या पेशी आठवडेच्या आठवडे काम देतात. म्हणून हे द्रव रक्ताची जागा घेत नाहीत. रक्त येईपर्यंतची वेळ निभावून नेतात. ज्या सिकलसेलग्रस्त मुलाला ठरावीक काळाने रक्त लागते त्याला त्यांचा उपयोग थोडा, जिला तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत जिवंत न्यायचे आहे त्या बाळंतिणीला फार.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी पुन्हा वेष्टनाकडे लक्ष वळवले आहे, आणि ही दिशा योग्य वाटते. मुळात ही कल्पना जुनी आहे : कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात शिकत असतानाच थॉमस चँग यांनी १९५७ मध्ये हिमोग्लोबिन भरलेली पहिली कृत्रिम पेशी बनवली होती. जपानमधील नारा वैद्यकीय विद्यापीठात हिरोमी साकाई यांच्या चमूने मुदत संपलेल्या रक्तपिशव्यांतील हिमोग्लोबिन शुद्ध करून मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत भरले आहे. या कुप्यांचा व्यास सुमारे २५० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या तिसाव्या भागाएवढा असतो. त्यांच्यावर रक्तगटाची खूण नसते, हिमोग्लोबिन अस्तरापासून दूर राहते, आणि जेथे पेशी अडकली आहे तेथूनही एवढी लहान कुपी रक्तद्रवाबरोबर सरकू शकेल अशी अपेक्षा आहे. पहिली मानवी चाचणी १२ निरोगी पुरुषांवर, १० ते १०० मिलिलिटर एवढ्या मात्रेने झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातील ॲलन डॉक्टर यांचा चमू एरिथ्रोमर नावाची भुकटी तयार करत आहे, जी वेळेवर पाण्यात मिसळून शिरेतून देता यावी. आतापर्यंतचे काम मुख्यतः प्राण्यांवरचे आहे, पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवता येईल असे काही असेल तर ते भुकटीच्या रूपातच असण्याचा संभव अधिक.

निसर्गाने मात्र पेशीविना रक्ताचे एक कोडे केव्हाच सोडवलेले आहे. रावेर-यावलच्या केळीबागेत ओल्या मातीत सापडणाऱ्या गांडुळाचे रक्त लाल असते, पण त्याचे हिमोग्लोबिन पेशीत नसते. ते रक्तद्रवातच असते आणि त्याचा रेणू एवढा अवाढव्य असतो की तो तुटत नाही, गाळणीतून निसटत नाही. फ्रान्समधील फ्रँक झाल यांनी समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या, गांडुळाच्याच कुळातील एका किड्याचे असे हिमोग्लोबिन अभ्यासले. त्याचा एक रेणू १५६ प्राणवायू रेणू धरतो, जेथे माणसाचा चार. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड जिवंत ठेवण्याच्या द्रवात त्याचा वापर सुरू झाला आहे.

प्रयोगशाळेत खऱ्याच तांबड्या पेशी वाढवण्याचाही मार्ग आहे. ब्रिटनमध्ये केंब्रिज आणि ब्रिस्टल येथील संशोधकांनी दात्याच्या मूलपेशींपासून वाढवलेल्या तांबड्या पेशी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रथमच दुसऱ्या माणसाला दिल्याचे जाहीर केले. सुमारे पाच लाख मूलपेशींपासून तीन आठवड्यांत ५,००० कोटी पेशी वाढल्या आणि त्यातल्या १,५०० कोटी कामाच्या निघाल्या. आकडा प्रचंड वाटतो. पण एका मिलिलिटर रक्तात साधारण ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, म्हणजे हे सारे श्रम तीन मिलिलिटर रक्ताचे झाले. माणसाच्या हाडांतील मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी बनवते, आणि ३५० मिलिलिटरची एक पिशवी भरायला पावणेदोन लाख कोटी पेशी लागतात.

उद्या यांपैकी एखादा द्रव भारतात चाचणीसाठी आला, तर महामार्ग आणि दुर्गम पाडे असलेले धुळे-जळगावसारखे जिल्हे त्या चाचणीला सोयीचे वाटतील, आणि नेमके तेथेच पॉलीहीमचा धडा आठवावा लागेल. देशाच्या २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. बेशुद्ध जखमीला काही विचारता येत नाही, म्हणून विचारायचे ते आधी, गावसभेत, पावरी आणि भिलोरीत, नकाराची मोकळीक ठेवून विचारायला हवे. सिकलसेलची नळी दाखवून रेघा का पुसट झाल्या हे जी आरोग्यसेविका पाड्यावर समजावते, तिला हेही समजावता येईल.

तोवर गरज भागते ती शीतकपाटातल्या पिशवीवर. उन्हाळ्यात महाविद्यालयांना सुट्या लागतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि रक्तदान शिबिरे रोडावतात. ४२ दिवस टिकणाऱ्या द्रावणातही १५ एप्रिलला घेतलेली पिशवी २७ मे रोजी बाद होते, आणि खानदेशात पाऊस बहुधा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागणारे रक्त मे महिन्याच्या भर उन्हाळ्यात, सकाळी सातच्या शिबिरात, घ्यावे लागते.